तो गनर होता : वृत्तसंपादकांना आणि माझ्या माजी सैनिक बांधवांना एक पत्र

प्रति,
१. मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे वृत्तसंपादक
२. माजी सैनिक संघटनांचे पदाधिकारी व सभासद

विषय : सैनिकांविषयी लिहिताना आणि सैनिकांनी इतरांविषयी बोलताना वापरायचे शब्द

महोदय, महोदया,

मी चोवीस वर्षं तोफखान्यात क्लार्क होतो. हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि पुढची चौदा वर्षं कृष्णाकाठच्या एका तहसील कार्यालयात लिपिक म्हणून काढली. दोन्हीकडे काम तेच : आवक-जावक, टिपणी, रजेचे अर्ज, आणि लोकांची नावं नीट लिहिणं. फौजेत असताना 'सिव्हिलियन' हा शब्द शिवीसारखा ऐकला, एक-दोनदा वापरलाही. तहसिलीत 'मिलिटरीवाला' हा शब्द ऐकला. कधी कौतुकानं, कधी "जाऊ दे, मिलिटरीवाला आहे, मेंदू गुडघ्यात" अशा अर्थानं. दोन्ही बाजूंचा मार खाल्लेला माणूस म्हणून दोघांनाही एकाच पत्रात गाठतोय. वेगवेगळी दोन पत्रं लिहिली असती तर प्रत्येकानं दुसऱ्याचं पत्र वाचून माना डोलावल्या असत्या.

निमित्त सांगतो. काही महिन्यांपूर्वी आमच्या तालुक्यातला एक मुलगा गेला. नऊ वर्षांची नोकरी, बायको, दीड वर्षाची मुलगी. पीस पोस्टिंगला, म्हणजे शांत ठिकाणच्या नेमणुकीवर होता. रात्रीच्या सरावात गाड्यांचा ताफा दिवे न लावता चालला होता, त्यात याची तोफ ओढणारी गाडी उतारावरून गेली. हुद्दा गनर, म्हणजे तोफखान्यातला शिपाई; काम ड्रायव्हरचं. मी त्याच्या घरी पाचव्या दिवशी गेलो. वडिलांनी पिशवीतून वर्तमानपत्रांची तीन कात्रणं काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्यात 'जवान शहीद'. दुसऱ्यात 'सुपुत्राला वीरमरण'. तिसऱ्यात 'सीमेवर शत्रूशी लढताना'.

वडील शेतकरी. बोलायला कमी. म्हणाले, "भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतोय, समोर किती जण होते. काय सांगू?" मी गप्प. मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्ही मिलिटरीतले म्हणून विचारतो. गाडी चालवताना गेला म्हणजे कमी झालं का?"

संपादक महाशय, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचंय, म्हणून हे पत्र. अंधारात, बिनदिव्याची, मागे तोफ लावलेली गाडी डोंगरातून न्यायला काय लागतं हे मी पाहिलं आहे. त्या मुलाच्या हातात ती कला होती. तुमच्या वार्ताहरानं त्याला न झालेल्या लढाईत नेऊन मारलं आणि त्याची खरी नोकरी पुसून टाकली. यात अनादर करण्याचा हेतू नव्हता, हे मला ठाऊक आहे. उलट मान द्यायचा म्हणूनच शब्द मोठा केला. पण मोठ्या शब्दाच्या मापाचं आयुष्य घरच्यांना मग लोकांपुढे उभं करावं लागतं.

आणि गोष्ट भावनेपुरती थांबत नाही. फौजेत मृत्यूचे वर्ग असतात. लढाईत, अतिरेक्यांशी चकमकीत वगैरे गेलेला 'बॅटल कॅज्युअल्टी', इतर 'फिजिकल कॅज्युअल्टी'. त्यावर पत्नीचं निवृत्तिवेतन ठरतं. ढोबळमानानं सांगायचं तर मृत्यूचा नोकरीशी संबंध नसेल तर साधं कुटुंब निवृत्तिवेतन, शेवटच्या हिशेबी वेतनाच्या ३० टक्के. सेवेमुळे किंवा सेवा बजावताना अपघातात मृत्यू झाला तर विशेष, ६० टक्के. लढाईतला असेल तर 'लिबरलाइज्ड' म्हणजे पूर्ण वेतन. आता त्या घरात काय झालं ते बघा. कागद ६० टक्क्यांचा आला. गावानं कात्रण दाखवलं : पेपरात शहीद लिहिलंय, मग पूर्ण पगार का नाही? म्हणजे सरकारनं फसवलं, नाहीतर मधल्या क्लार्कनं पैसे मागितले असणार. सूनबाई दोन वेळा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन भांडून आली. तिथल्या बाईंनी नियम वाचून दाखवला तर म्हणाली, "तुम्ही सिव्हिलियन, तुम्हाला काय कळणार." एका मथळ्यानं एवढं केलं.

'शहीद' या शब्दाला सरकारी नियमांत व्याख्या नाही. सेनादलांसाठीही नाही आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठीही नाही. सरकारनं हे संसदेत सांगितलेलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर लष्कराच्या मुख्यालयानंच आपल्या सगळ्या कमांडना पत्र पाठवून कळवलं की भाषणांत, कार्यक्रमांत या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरू नका. त्याच्याऐवजी कारवाईत मृत्यू, सर्वोच्च बलिदान असे पर्याय सुचवले. फौजच हा शब्द नको म्हणते आणि आपण तो छातीवर लावून फिरतो. तुम्ही म्हणाल, लोकांच्या तोंडचा शब्द आहे, लोक म्हणणारच. म्हणू देत. फ्लेक्सवर गावानं काय लिहावं हे मी सांगत नाही, तिथे दु:ख बोलत असतं. बातमी हा कागद आहे. तो उद्या फाइलला लागतो.

गंमत अशी की यासाठी आपल्याकडे जुना, साधा आणि नेमका शब्द आहे. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात लढाईत माणूस गेला की 'कामास आला' असं लिहीत. ना टाळी, ना हुंदका. 'धारातीर्थी पडला' हाही आहे, पण तो जरा शाहिराच्या अंगानं जातो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. गावाच्या नावालाच पुढे 'मिलिटरी' चिकटलं. त्या माणसांच्या मागे विशेषणं नाहीत, ४६ हा आकडाच पुरतो. 'हुतात्मा' हा शब्द तर महाराष्ट्रानं बिनवर्दीच्या माणसांना दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले १०६ हुतात्मे मोर्च्यात, रस्त्यावर गेले. मुंबईत चौक आहे त्यांच्या नावाचा. तेव्हा देशासाठी मरण्याचा शब्द कुणाच्या मालकीचा, यावर वर्दीनं फार ताणू नये, हे जाता जाता माझ्या माजी सैनिक बांधवांसाठी.

(संपादकांना आणखी एक. 'अतिरेक्यांना कंठस्नान' हे मथळ्यांतलं प्रकरण चोवीस वर्षांत मी एकाही युनिटमध्ये कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. तिथे लोक 'एन्काउंटर झालं' म्हणतात आणि पुढचा प्रश्न असतो, आपले सगळे आले का.)

आता 'जवान'. फारसी शब्द, अर्थ तरुण. मी बेचाळिसाव्या वर्षी पेन्शनला गेलो तेव्हा गुडघे दुखत होते, केस गेले होते, आणि तुमच्या हिशेबात मी जवान होतो. मेजर गेला तरी 'जवान', सुभेदार गेला तरी 'जवान', नौदलातला पाणबुडीवरचा गेला तरी 'लष्कराचा जवान'. नौदल हे लष्कर नाही, हवाई दलही नाही. तिन्ही मिळून सेनादलं. २०२१ साली बंगळुरूहून लष्करी पोलीस कोअरच्या ८३ मुली सैनिक म्हणून बाहेर पडल्या, त्यांच्यासाठी मग 'महिला जवान' असा शब्द चालला. 'सैनिक' हा शब्द बाईला, पुरुषाला, विशीतल्याला आणि पन्नाशीतल्याला सारखाच बसतो. तो वापरायला काय हरकत आहे?

त्याहून बरं म्हणजे हुद्दा लिहा. पायदळात सर्वांत खालचा हुद्दा सिपाही. तोफखान्यात त्यालाच गनर म्हणतात, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये सवार, यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या ईएमईत क्राफ्ट्समन. हे शब्द म्हणजे त्या माणसानं घाम गाळून मिळवलेली ओळख असते. सॅपर म्हटलं की तो पूल बांधतो, सुरुंग काढतो हे कळतं. 'जवान' म्हटलं की काहीच कळत नाही.

मराठीची यात एक खास पंचाईत आहे, ती मान्य करतो. आमच्याकडचे निम्मे हुद्दे इथे दुसऱ्या खात्यांनी आधीच उचललेले आहेत. मी भरती झालो तेव्हा आई गावात सांगायची, पोरगा मिलिटरीत शिपाई झाला. ऐकणारा समजायचा, साहेबाच्या केबिनबाहेर स्टुलावर बसत असेल. हवालदार म्हणून परत आलो तर लोकांना वाटलं पोलिसात गेलो होतो. तीन फिती लागलेला फौजेतला हवालदार तीस-पस्तीस माणसांच्या प्लाटूनचा कणा असतो, हे कुणाला सांगणार! आजचा नायब सुभेदार १९६५ पर्यंत 'जमादार' होता. ते नाव बदललं ते बरंच झालं, कारण तोवर जमादार म्हणजे कोण याविषयी लोकांच्या मनात वेगळंच चित्र झालेलं होतं. आणि नायब सुभेदार किंवा सुभेदार हे जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर असतात, त्यांना जवानात ढकलू नका. युनिटमध्ये कर्नलसुद्धा त्यांना 'साहब' म्हणतो. निवृत्तांबद्दल एवढंच की माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. 'निवृत्त कर्नल अमुक' असं न लिहिता 'कर्नल अमुक (निवृत्त)' असं लिहायची रीत आहे. आणि २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला सुभेदार मेजरला मानद कॅप्टन केलं असेल तर 'मानद' हा शब्द गाळू नका. त्या तीन अक्षरांत तीस वर्षांची नोकरी असते, आणि गाळलात तर फौजेतले लोक त्यालाच हसतात.

केंद्रीय राखीव पोलीस दल (सीआरपीएफ), सीमा सुरक्षा दल, आयटीबीपी, सीआयएसएफ, एसएसबी ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, सेनादलं संरक्षण मंत्रालयाखाली. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात गेलेले ४० जण सीआरपीएफचे होते आणि दुसऱ्या दिवशी कितीतरी ठिकाणी 'लष्करी ताफ्यावर हल्ला' छापून आलं. फरक नुसता नावाचा नाही. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत आलेल्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली, तीत ही दलं गेली. सेनादलं वगळली गेली. म्हणजे मेल्यावर 'लष्कराचा' म्हणायचं आणि पेन्शनला 'केंद्राचा कर्मचारी' म्हणायचं. त्यांच्या मान्यतेचं भांडण या गोंधळात बुडून जातं. आमच्याकडे २०१९ च्या महापुरात तेच झालं. बोटीतून आलेला प्रत्येक गणवेशवाला 'आर्मीवाला'. लष्कर होतं, नौदल होतं, पण छपरावरून माणसं उतरवणाऱ्यांत एनडीआरएफचे पुष्कळ होते, म्हणजे याच पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर आलेले. बायकांनी त्यांना राख्या बांधल्या आणि "आर्मीवाल्या भाऊंना" असं म्हणाल्या. एकजण माझ्यासमोर हसून म्हणाला, "बेहेनजी, हम आयटीबीपी." बहिणींना काही फरक पडला नाही. तुम्हाला पडायला हवा, कारण तुम्ही छापता.

एक शब्द असा आहे की त्याविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, कारण तो फौजेनंच रुजवला आहे : वीरनारी. मराठीत वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता. हेतू चांगला आहे, मी कार्यक्रमांच्या निमंत्रणांवर तो शेकडो वेळा टंकलिखित केला आहे. पण एका १५ ऑगस्टला पाहिलेलं सांगतो. पहिल्या रांगेत चार खुर्च्या, पाठीला कागद चिकटवलेले. तीन कागदांवर पाहुण्यांची नावं हुद्द्यासकट. चौथ्यावर 'वीरपत्नी'. पुकारा झाला, "आता आपण वीरपत्नींचा सत्कार करू या." बाई उठल्या, शाल घेतली, नारळ घेतला, फोटो झाला. खाली बसताना शेजारणीला म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली, माझं नाव कुणी माइकवर घेतलं नाही. मी शिक्षिका आहे, एवढं तरी." त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, पोरं त्यांना मॅडम म्हणतात. वर्षातले दोन दिवस सोडले तर त्यांची सगळी ओळख स्वत: कमावलेली आहे. नेमकी त्याच दोन दिवशी आपण ती काढून घेतो. वीरपत्नी म्हणा, जरूर म्हणा. आधी नाव घ्या.

आता माझ्या माजी सैनिक बांधवांकडे वळतो. इथवर वाचून तुम्ही खूश असाल, म्हणून वळतो.

'ब्लडी सिव्हिलियन' हे दोन शब्द आपण भरती झाल्यावर पहिल्या आठवड्यात शिकतो. ट्रेनिंग सेंटरमध्ये केस कापून झाले की उस्ताद सांगतो, आता तू सिव्हिलियन राहिला नाहीस. त्यात थोडं तथ्यही आहे, माणूस मोडल्याशिवाय सैनिक घडत नाही. पण वर्दी उतरल्यावर तो शब्द उतरत नाही. गॅसच्या रांगेत, बँकेत, मुलाच्या शाळेत आपण 'सिव्हिलमध्ये शिस्त नाही' हे ऐकवत फिरतो. ('सिव्हिल' हा आपल्यासाठी जणू एक गाव आहे. मी पेन्शन जवळ आल्यावर घरी फोन करून म्हणालो, "आता मे महिन्यात सिव्हिलला येतो." वडिलांनी घाबरून विचारलं, "काय झालंय तुला?" आमच्या भागात सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय.)

तहसिलीतला एक प्रसंग. माझं टेबल खिडकीजवळ, पलीकडे अव्वल कारकून बाई. एक गृहस्थ आले, वारसनोंदीचं प्रकरण सात महिने अडकलेलं. चूक आमच्या बाजूचीच होती, फाइल दोन टेबलांमध्ये कुठेतरी पडून होती. त्यांनी टेबलावर हात आपटला आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकलं : "आम्ही बॉर्डरवर उभे होतो म्हणून तुम्ही इथं पंख्याखाली बसलाय." मी मान वर केली नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि कुणाची वाटत होती ते ठरत नव्हतं. कारण पुराच्या पंचनाम्यांत त्या बाई आठवडेच्या आठवडे गुडघाभर गाळातून गावोगाव फिरल्या होत्या. मेलेल्या जनावरांची नोंद घेत, पडलेल्या भिंती मोजत. पायाला झालेली जखम पुढे कितीतरी दिवस भरत नव्हती. त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. कोरा अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, "काका, हुद्दा काय होता? मला नीट लिहायचंय."

"नायब सुभेदार."

बाईंनी लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे वळवून दाखवला. सवयीनं 'नायब तहसीलदार' लिहिलं होतं. गृहस्थ बघत राहिले आणि मग असे हसले की शेजारच्या खोलीतून लोक डोकावले. "बढती दिलीत की मला!" त्या दिवशी काम झालं नाही, पुढे आणखी आठ दिवस लागले. पण त्यांनी नंतर आवाज चढवला नाही, आणि बाईंनी फाइल हातानं नेऊन सही करून आणली.

'नायब' शब्द दोन्हीकडचा आहे. एकेकाळी राज्यकारभाराचे दोनच भाग असत, मुलकी आणि लष्करी, आणि दोघांना एकमेकांची गरज होती. 'मुलकी' हा शब्द चांगला होता, आता तो महसुलापुरता उरलाय. 'बिगरलष्करी' मला आवडत नाही, माणूस जे नाही त्यावरून त्याला नाव कशाला द्यायचं? आणि 'सैनिक आणि नागरिक' ही जोडी तर चुकीचीच आहे. सैनिक नागरिक नाही काय? तो मतदान करतो, टपालानं का होईना. त्याचे काही हक्क राज्यघटनेच्या कलम ३३ खाली आवळता येतात, पण नागरिकत्व कुणी काढून घेतलेलं नाही. मला विचाराल तर 'सिव्हिलियन' राहू दे, तो आता मराठीच झालाय. त्याच्या आधीचा 'ब्लडी' तेवढा काढा.

आणि सिव्हिलियन म्हणजे नक्की कोण, हेही एकदा मोजून बघा. युनिटमधल्या एमईएसचा, म्हणजे इमारती-पाणी-वीज सांभाळणाऱ्या लष्करी खात्याचा प्लंबर सिव्हिलियन. डेपोत तीस वर्षं तोच स्टोअर सांभाळणारा, जो दर तीन वर्षांनी येणाऱ्या नव्या साहेबाला कुठे काय ठेवलंय ते सांगतो, तो सिव्हिलियन. ज्या रस्त्यावरून आपण लेहला, तवांगला गेलो तो बीआरओचा, म्हणजे सीमा रस्ते संघटनेचा. १९६० पासून ती संघटना हे काम करते आणि तिच्या ग्रेफ दलातले लोक कागदोपत्री सिव्हिलियन, तरी आर्मी ॲक्टच्या कितीतरी तरतुदी त्यांना लागू. त्यांच्याबरोबर झारखंडकडून आलेले रोजंदारीचे मजूर दगड फोडतात, दरड कोसळली की तेच आधी सापडतात. त्यांच्यासाठी पेपरात ना शहीद असतं ना जवान. 'दोन मजूर ठार.' हे माझं संपादकांनाही म्हणणं आहे.

ध्वजदिन निधीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. १९४९ पासून ७ डिसेंबरला सुरू होतो, आणि जिल्ह्यांना उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं. ते पैसे गोळा कोण करतं? शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आमच्यासारखे कारकून. मी दरवर्षी टेबलाटेबलावर पावतीपुस्तक घेऊन फिरायचो. एकदा एक सहकारी पाकीट काढता काढता म्हणाला, "काय करणार, लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या!" सगळे हसले आणि लगेच माझ्याकडे बघून गप्प झाले. मला राग आला नाही. उलट पहिल्यांदाच त्या म्हणीचा खरा अर्थ डोळ्यांपुढे आला : दारावरून फौज चाललीय आणि गावातल्या बायका रात्रभर चुलीपुढे. मोबदला नाही, नाव नाही. म्हण झाली तीसुद्धा फुकटच्या कामाची.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवछत्रपतींनी पाठवलेलं पत्र आपण जयंतीच्या भाषणात वाचतो. ते कुणाला आहे? आपल्याला आहे, फौजेला. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा उधळून टाकलात तर मग कुणब्यांच्या घरून दाणे आणाल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी फाटे, कुणी भाजी, आणि रयतेला मोगलांपेक्षा तुम्हीच जड वाटाल, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गवत पेटेल, इथवर बारकावा. मी क्लार्क म्हणून सांगतो, इतका नेमका आदेश मला चोवीस वर्षांत टाइप करायला मिळाला नाही. त्यात पराक्रमाचा एक शब्द नाही. भाकर कुणाची आहे, एवढंच आहे.

आपल्या घरातलंही एक झाकून ठेवत नाही. ऑफिसर आणि जेसीओ सोडले तर बाकी सगळ्या फौजेला आपण 'अदर रँक्स' म्हणतो. हजेरीपत्रकात ऑफिसर, जेसीओ, ओआर आणि सगळ्यांत खाली सिव्हिलियन. फौजेचा मोठा भाग 'इतर'! मी त्याच रकान्यात चोवीस वर्षं मोजला गेलो आणि मला कधी खटकलं नाही. खटकलं ते तहसिलीत, एका फॉर्मवर 'इतर' या रकान्यात माझी बरोबरची खूण केली गेली तेव्हा.

संपादक महाशय, प्रत्येक वृत्तपत्राकडे शब्द कसे लिहायचे याचं एक टिपण असतं असं ऐकून आहे. त्यात एक पान हुद्द्यांचं घाला. तिन्ही सेनादलांचे आणि पोलीस दलांचे मिळून एका पानात बसतात, मी बसवून पाहिले आहेत. बांधवांनो, आपल्या संघटनांच्या बैठकीत भाषण सुरू करताना चहा देणाऱ्यापासून तलाठ्यापर्यंत जे कुणी हजर असतील त्यांचीही नावं घ्या, आपल्याला आपले हुद्दे घेतलेले आवडतात तशी.

आणि त्या तीन दैनिकांना, ज्यांची नावं मी लिहीत नाही, एक वेगळी विनंती. दुरुस्ती छापा. छोटी चालेल, आतल्या पानावर चालेल. मजकूर मी करून ठेवला आहे, वडिलांना वाचून दाखवला आहे, त्यांनी त्यात एक शब्द वाढवायला सांगितला तो वाढवला आहे :

'दुरुस्ती : आमच्या तालुक्यातील सैनिकाच्या निधनाच्या बातमीत त्यांचा मृत्यू सीमेवर लढताना झाल्याचे म्हटले होते. ते तोफखान्यात गनर होते आणि रात्रीच्या सरावात कर्तव्यावर वाहन चालवत असताना अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते उत्तम ड्रायव्हर होते.'

वाढवलेला शब्द 'उत्तम'.

आपला,
हवालदार (क्लार्क), तोफखाना (निवृत्त)
लिपिक, तहसील कार्यालय (निवृत्त)